काट्यावर जुळलेलं वजन

माझ्या नवऱ्याची, व्हर्लची, एक श्रद्धा आहे. नीट रचलं की जगातली कुठलीही गोष्ट कुठंही मावते. छोट्या गाडीत सोफा मावतो, एकाच न्हाणीघराच्या घरात पाच पोरं मावतात, आणि आपल्या साध्यासुध्या पिकअप ट्रकच्या मागं तीस फुटी ट्रेलर मावतो. ही श्रद्धा हसण्यावारी नेता आली असती, पण पुष्कळदा त्याचं खरं ठरायचं. पोरं खरंच मावली होती. त्यामुळे त्याला आवरणं कुणाला जमलं नाही, मलाही नाही.

ट्रेलर घेतला तो सासूबाईंसाठी. अ‍ॅफ्टन त्यांचं नाव. नव्वदीला टेकलेल्या, खुब्यात लोखंड बसवलेलं आणि जिभेवर त्याहून जास्त. दर ऑगस्टात आमचं सगळं कूळ वायोमिंगमध्ये स्टार व्हॅलीत, सासूबाईंच्या वडलांच्या कुरणात, तंबू ठोकून जमतं. तंबूत निजणं आता त्यांना जमणारं नव्हतं, रात्री काठी टेकत कुरणाच्या टोकाच्या संडासापर्यंत जाणं तर नाहीच. म्हणून ठेंगण्या पलंगाचा, न्हाणीघरात धरायला दांड्या असलेला ट्रेलर. असा ट्रेलर लांब असतो आणि जड असतो. विकणाऱ्या पोरीनं विचारलं, ट्रक कोणता? व्हर्लनं छाती फुगवून जाहिरातीतला आकडा सांगितला, नऊ हजार पौंड ओढतो म्हणून. रिकामा ट्रेलर त्याच्या कितीतरी खाली होता.

"मग काय, हसत ओढेल," व्हर्ल म्हणाला.

त्या पोरीनं आमच्या ट्रकच्या स्टिअरिंगजवळ एक छोटी डबी बसवून दिली आणि तिची दांडी मला दाखवली. "मावशी, ट्रेलर शेपूट हलवायला लागला तर ट्रकच्या ब्रेकला पाय लावायचा नाही हं. ही दांडी दाबायची. हिनं फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, तो मागून ओढला जातो आणि सरळ होतो." व्हर्ल तेव्हा ट्रेलरची कनात उघडमीट करून बघत होता.

आता ट्रकची एक गोम असते, ती जाहिरातीत कुणी मोठ्या अक्षरात छापत नाही. ओढायची ताकद वेगळी आणि अंगावर घ्यायची ताकद वेगळी. ट्रकच्या अंगावर बसतात माणसं, मागच्या हौद्यातलं सामान, आणि वर ट्रेलरचं नाक, जे ट्रकच्या शेपटीवर टेकलेलं असतं आणि चांगलं हजारभर पौंडांनी दाबतं. हे सगळं मिळून किती चालेल त्याचा एक कागद ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. दहा वर्षं व्हर्ल तो कागद अंगानं घासत चढत-उतरत होता. तो वाच म्हणून सांगितलं त्याच्या भावानं, रुलननं. तेही फोनच्या स्पीकरवर, घरातल्या सगळ्यांसमोर.

"दारातला कागद वाचलास का रे?" रुलन म्हणाला. "नाहीतर मी येतो माझा ट्रक घेऊन. ट्रेलर मी ओढतो, तू आईला घेऊन मागनं ये."

रुलनकडं मागच्या बाजूला चार चाकं असलेला डिझेलचा अवजड ट्रक आहे. घर ओढून नेईल असा. व्हर्लनं फोन ठेवला आणि म्हणाला, "मेलो तरी नाही."

त्याला कारण होतं. त्या मेळाव्यात रविवारी, चर्चहून आल्यावर, दोघं भाऊ ठरवणार होते की आई यापुढं कुणाकडं राहणार. इतकी वर्षं ती आमच्याकडं होती. रुलनचं म्हणणं, आता व्हर्लला झेपत नाही. त्याचं घर दक्षिणेला, सेंट जॉर्जला, तिथं बर्फ नाही, पायऱ्या नाहीत, त्याची बायको जनील नर्स होती. म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त झोंबायचं. "आपल्याला काय झेपतं हे व्हर्लला कधी कळलंच नाही," असं तो सगळ्या चुलत-मावस भावंडांना सांगत फिरायचा. अशा माणसाच्या ट्रकला आपला ट्रेलर बांधायचा म्हणजे रविवारचा निकाल शुक्रवारीच हातात देण्यासारखं होतं.

आणि माझं विचाराल तर मला म्हातारी हवी होती. ती मला रोज टोचते, माझ्या पावाला वीट म्हणते, टीव्हीचा आवाज गावाला ऐकू जाईल इतका ठेवते. पण सकाळी स्वयंपाकघरात ती नसली की माझ्या हाताला काम सुचत नाही. बस, इतकंच आहे ते.

शुक्रवारी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारावर गेलो. तिथल्या काट्यावर शेतकरी गव्हाचे ट्रक तोलतात, आम्ही आमचं चाकांवरचं घर चढवलं. व्हर्लला खात्री होती. काट्यावरचा माणूस, आमच्याच चर्चचा, खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "ब्रदर बिंगहॅम, तुमच्या ट्रकचं मागचं ढुंगण लई जड झालंय."

झालं होतं खरं. ट्रकचा मागचा भाग बसला होता आणि दिवे आभाळाकडं बघत होते. दारावरच्या कागदापेक्षा कितीतरी जास्त भार अंगावर होता.

"फज!" व्हर्ल म्हणाला. आमच्यात शिव्या देत नाहीत, पण रागाला काहीतरी लागतंच.

"मला उतरवा," मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या. "मीच जड झाले असेन. काल दोन बटाटे जास्त खाल्ले."

"आई, तू गप्प बस गं."

"गप्प बसले की हलकी होते का मी?"

मी म्हटलं, "व्हर्ल, बिडाची भांडी घरी ठेवू." ट्रेलरच्या नाकाजवळच्या कप्प्यात बिडाची नऊ पातेली होती, जाड झाकणांसकट, प्रत्येकाला तीन पाय. निखाऱ्यांवर ठेवायची, वर झाकणावर निखारे टाकायचे, आणि आत पीचचं कॉबलर शिजतं, फळांवर गोड पिठाचा थर घालून भाजलेलं. आमच्या मेळाव्यात अख्ख्या कुळासाठी ते करायचा मान जिच्या घरी आई राहते तिचा. पातेली सासूबाईंच्या आईची. त्याच्या जोडीला मी घरी भरलेल्या पीचच्या पन्नासेक बरण्या, जनरेटर, आणि ट्रकच्या हौद्यात फोडलेली लाकडं.

"भांडी घरी?" सासूबाई काचेवर काठी आपटून म्हणाल्या. "मग तिथं जाऊन काय करायचं? जनीलनं आणलेला विकतचा केक खायचा? त्यापेक्षा मलाच घरी ठेव, आणि पातेली सीटवर बसवून न्या."

व्हर्लचे डोळे चमकले. मला ती चमक ठाऊक आहे. "कुणाला घरी ठेवायची गरज नाही," तो म्हणाला. "ट्रेलरची स्वतःची चाकं आहेत ना? मग भार ट्रेलरच्या चाकांवर घालायचा. नाक हलकं, ट्रक हलका."

आणि मग त्या कोठाराच्या आवारात त्यानं रचायला घेतलं. पातेली नाकाकडून काढून पार मागच्या कपाटात. बरण्या मागच्या न्हाणीघरात, शॉवरखाली, टॉवेल कोंबून. जनरेटर मागच्या बंपरवरच्या जाळीत, दोरीनं करकचून. लाकडंही हौद्यातून उचलून मागच्या पलंगाखाली. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला. पण पुन्हा काट्यावर चढलो तेव्हा आकडे खाली आले होते. ट्रकचा पुढचा आस, मागचा आस, अंगावरचा भार, ट्रेलर, एकूण वजन, एकूण एक कागदावरच्या आकड्याच्या आत. ट्रकही कसा सरळ उभा राहिला.

"जुळलं!" व्हर्ल ओरडला. काट्याच्या चिठ्ठीचा आणि ट्रेलरच्या मागच्या उघड्या कपाटाचा त्यानं फोटो काढला आणि रुलनला पाठवून दिला. खाली लिहिलं, 'बघ, झेपतं.'

मला बरं वाटलं. आकडे जुळले की माणसाला बरं वाटतं, मी तरी कुठं वेगळी आहे.

लोगनच्या घाटाच्या तोंडाशी पोचलो आणि व्हर्लचा फोन वाजला. रुलन. व्हर्लनं तो वाजू दिला. पुन्हा वाजला.

"घे की," मी म्हटलं.

"जळतोय तो. जळू दे."

"फोन वाया नको घालवू, त्याला सांग मला रास्पबेरीचा शेक घेऊन ठेव," सासूबाई म्हणाल्या. रुलन आणि जनील पुढं जाऊन बेअर लेकच्या काठी, गार्डन सिटीत आमची वाट बघणार होते. तिसऱ्यांदा फोन वाजला आणि अर्ध्यातच बंद पडला, कारण घाटात रेंज जाते.

चढ ट्रकनं बरा घेतला. एका वळणावर समोरून मोठा मालट्रक सुसाट गेला आणि त्याच्या वाऱ्यानं आमच्या मागं काहीतरी डुललं. आधी डावीकडं, मग उजवीकडं. सीटखालून कुणीतरी गाडी धरून हलवावी तसं. मग थांबलं.

"मागून कुणी ढकलतंय का रे?" सासूबाईंनी विचारलं.

"वारा आहे, आई."

"मग झाडं का हलत नाहीत?"

व्हर्लची बोटं स्टिअरिंगवर घट्ट झाली होती, ते मी पाहिलं. पुढं तसं अजून दोनदा झालं, आणि चढावर वेग नसतानाही झालं. चढावर हे असं, मग उतारावर काय?

माथ्यावर गाड्या थांबवून खालचा तलाव बघायची जागा आहे. तिथं मी म्हटलं, "थांबव. मला लघवीला जायचंय." मला लघवीला जायचं नव्हतं. तो उतरला तेव्हा मी त्याला ट्रेलरच्या मागं गाठलं.

"व्हर्ल, रुलनला बोलाव. खालीच आहे तो. इथं रेंजही आहे."

"आणि काय सांगू? घाबरलो म्हणून?"

"काहीतरी बरोबर नाहीये. तुलाही कळतंय."

"आकडे बरोबर आहेत, अर्डिथ! चिठ्ठी आहे खिशात." मग त्याचा आवाज बसला. "इथून त्याला बोलावलं, की रविवारी मी तोंड कशाला उघडू? आई गेली समज. तुला चालेल?"

मला चालणार नव्हतं. ते त्याला माहीत होतं आणि म्हणूनच त्यानं विचारलं. मी म्हटलं, निदान हळू जा. तो म्हणाला, खालच्या गिअरमध्ये नेतो, बैलाच्या चालीनं. आम्ही परत बसलो. सासूबाईंनी आमच्या दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं पाहिलं आणि त्या दिवसात पहिल्यांदा काही बोलल्या नाहीत. फक्त पट्टा नीट बसलाय का ते चाचपलं.

पहिली दोन वळणं ठीक गेली. इंजिन घोंघावत गाडीला धरून होतं. मग रस्ता थोडा सरळ झाला, उतार वाढला आणि ट्रेलरनं मागून रेटायला सुरुवात केली. वेगाचा काटा हळूहळू चढत गेला. व्हर्लनं ब्रेकवर पाय ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. समोर डोंगर संपून एकदम मोकळं झालं आणि तलावावरचा वारा बाजूनं धडकला.

आधी मागून आवाज आला, कपाटातली पातेली एकमेकांवर आदळल्याचा. मग आरशात ट्रेलरची मागची बाजू दिसली. आरशात ती दिसायला नको होती. ती उजवीकडं कठड्यापर्यंत गेली, थांबली, आणि फिरून डावीकडं, पिवळी रेघ ओलांडून पलीकडं. तिच्यासोबत आमच्या ट्रकचं बूड ओढलं गेलं. व्हर्लनं स्टिअरिंग उलटं फिरवलं. पुढच्या झोक्याला ट्रेलर आणखी लांब गेला.

समोरून होडी बांधलेली एक गाडी वर चढत येत होती. तिचे दिवे लागले, विझले, लागले.

व्हर्लच्या तोंडून त्याच्या आयुष्यात मी न ऐकलेली शिवी बाहेर पडली, आणि त्यानं ब्रेक दाबला.

ब्रेक दाबला आणि खरा कहर झाला. ट्रक थबकला, ट्रेलर थबकला नाही. तो मागून आमच्यावर चालून आला आणि आम्हाला आडवं करायला लागला. माझ्या खिडकीत रस्ता नव्हता, खाली उतरत गेलेली झाडांची टोकं होती.

"पाय काढ!" मी किंचाळले. "व्हर्ल, ब्रेकवरून पाय काढ!"

"वेडी झालीस? उतार आहे!"

"काढ पाय!"

ती डबी त्याच्या गुडघ्याजवळ होती. मी पट्ट्यात अडकलेली, हात पुरत नव्हता. मी खांदा पट्ट्याखालून सोडवला, त्याच्या मांडीवर आडवी झाले आणि दांडी सापडली ती सगळा जीव एकवटून दाबली. त्याच क्षणी त्यानं पाय काढला. का काढला ते अजून त्याला सांगता येत नाही. ब्रेकशिवाय ट्रक पुढं उसळला, आणि मला वाटलं, संपलं, मीच मारलं सगळ्यांना. मग मागं चाकं किंचाळली. कुणीतरी मागून शेपूट धरावी तसा ट्रेलर ताणला गेला. एक झोका, जरा लहान. अजून एक. होडीवाली गाडी माझ्या डोक्यावरून गेल्यासारखी भोंगा वाजवत निघून गेली. मी दांडी सोडली नाही. जळलेल्या रबराचा वास आत आला, आणि आम्ही सरळ चालत होतो.

"सोडू नकोस," व्हर्ल पुटपुटत होता, "सोडू नकोस, सोडू नकोस." मी कुठं सोडत होते.

खाली वळणाआधी खडी टाकलेली एक मोकळी जागा लागली. तिथं त्यानं गाडी घातली. ट्रेलरच्या चाकांतून धूर येत होता. व्हर्लला स्टिअरिंगवरून हात काढता येईनात, मी एक-एक बोट सोडवलं. मग मी मागं वळले.

सासूबाई ताठ बसल्या होत्या. दोन्ही हातांनी काठी छातीशी धरलेली. चेहरा पिठासारखा पांढरा. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली नेली. त्यांचा निळा झगा मांडीवर ओला होता आणि सीटही.

मी खाली उतरले, त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "चला आई, जरा पाय मोकळे करू."

ट्रेलरच्या आत सगळं जमिनीवर आलं होतं. मागचं कपाट फुटलं होतं, पातेली वाटेत लोळत होती आणि न्हाणीघराच्या दाराखालून पीचचा पाक काचांसकट बाहेर येत होता. मी पलंगावरची चादर झटकली आणि त्यांना बसवलं. कपडे बदलताना त्यांचे गुडघे थडथडत होते. ह्या बाईनं पाच बाळंतपणं घरात केलीत आणि एकदा अस्वलाला फावडं घेऊन अंगणातून हाकललंय, असं ती सांगते. मी तिला थरथरताना कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवेना.

"व्हर्लला सांगू नकोस," ती म्हणाली.

"नाही सांगत."

"माथ्यावरच मला कळलं होतं, तुम्ही दोघं घाबरलात. मीही घाबरले होते."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोलले असते तर तो थांबला असता," ती म्हणाली. "आणि रुलनला बोलवावं लागलं असतं." तिनं माझं मनगट धरलं. "मला तुमच्याकडून कुठं जायचं नाही गं, अर्डिथ. तुझा पाव कसाही असू दे."

मी रडले. लपवायला तिथं जागा नव्हती, म्हणून तिच्यासमोरच रडले. तिनं आपल्या ओल्या झग्याची गुंडाळी करून मला दिली आणि म्हणाली, "हे कुठंतरी खाली कोंब, आणि नाक पूस."

आम्ही बाहेर आलो तेव्हा ट्रकचं मागचं दार उघडं होतं. व्हर्ल वाकून सीट पुसत होता. हातात त्याचाच शर्ट, अंगात नुसता गंजीफ्रॉक. आम्हाला बघून त्यानं पुसणं थांबवलं नाही आणि काही विचारलंही नाही. पुसून झाल्यावर म्हणाला, "रुलनला फोन केलाय. येतोय."

रुलन आला तो काही न बोलता. मी भांडणाची तयारी करून ठेवली होती, ती वाया गेली. धावत आधी आईकडं गेला, तिला चाचपून पाहिलं. मग ट्रेलरच्या मागं गेला, जनरेटर बघितला, आतली पातेली बघितली आणि कठड्यावर मटकन बसला.

"तू फोटो पाठवलास, त्यात उघडं कपाट दिसलं," तो म्हणाला. "पातेली मागं. म्हणून सारखा फोन करत होतो. गवताची गाडी मागं जड भरली की उलार होते, तिचं नाक वर उठतं, तसं झालं हे. नाक दाबून बसलेलं असलं तरच ट्रेलर सरळ चालतो, व्हर्ल. तो भार ट्रकला झेपत नसेल, तर तो ट्रेलरच त्या ट्रकचा नाही. मागं सारून तो भार जात नाही."

व्हर्ल म्हणाला, "आकडे जुळले होते."

"जुळले असतील."

इतकंच. दोघा भावांनी मिळून पातेली पुन्हा पुढं आणली. फुटलेल्या बरण्या गोण्यांत भरल्या. आमचा ट्रक सोडवला आणि रुलनचा जोडला. त्याच्या ट्रकच्या शेपटीवर ट्रेलरचं नाक बसलं आणि ट्रक जेमतेम बोटभर खाली गेला. एका वेळी रुलननं पाण्याची बाटली शोधायला आमच्या मागच्या दारात डोकं घातलं, हात सीटवर टेकला आणि म्हणाला, "ओली कशानं झाली?"

"माझी बाटली सांडली," व्हर्ल म्हणाला. लगेच म्हणाला, विचार न करता.

सासूबाईंनी ते ऐकलं. त्या खडीत काठी रोवून उभ्या होत्या. त्यांनी व्हर्लकडं पाहिलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

निघायची वेळ झाली. दोन ट्रक एकापुढं एक उभे. रुलननं चावी हातात घेतली आणि अगदी साधेपणानं विचारलं, "आई, तू कुणाच्या गाडीत बसतेस?"

त्याच्या मनात काही नव्हतं, मी पैजेवर सांगते. पण विचारल्यावर त्यालाही कळलं की काय विचारलं. जनील मागच्या मागं गाडीत जाऊन बसली. रविवार तिथंच, त्या खडीवर येऊन उभा राहिला.

"मी व्हर्लबरोबर निघाले," सासूबाई म्हणाल्या. "व्हर्ल सांगेल तिथं बसते. तो म्हणाला ह्याच गाडीत, तर ह्याच गाडीत. त्यात काय विचारायचं?"

आमचा ट्रक आता मोकळा होता. ट्रेलर नाही, ओझं नाही, उतारही थोडाच राहिलेला. म्हातारी आणि आम्ही दोघं, त्याला काहीच जड नव्हतं. व्हर्ल 'चल' म्हणाला असता तर ती आत्ताच्या आत्ता चढून बसली असती, आणि रविवारीही तेच म्हणाली असती, आणि रुलनला गप्प बसावं लागलं असतं. मी मनात म्हणत होते, म्हण, म्हण ना रे.

व्हर्ल आमच्या मागच्या दारापाशी गेला. ते बंद केलं. मग चालत रुलनच्या ट्रकपाशी गेला आणि त्याचं दार उघडलं.

"इथं बस, आई," तो म्हणाला. "आणि रविवारी कुणी काही बोलायला नको. तू रुलनकडं राहा."

"मला विचारलंस?" सासूबाईंचा आवाज चढला. "एवढा मोठा झालास? मला न विचारता?"

"नाही विचारलं."

"मग विचार."

गंजीफ्रॉकवर, पाकानं चिकट झालेल्या हातांनी व्हर्ल तिथं उभा होता, आणि त्याला काही रचायला उरलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "तू रुलनकडं राहशील का?"

"नाही रे राहायचं मला," ती म्हणाली. "पण राहीन."

मग त्यानं तिला काखेत धरून वर चढवलं, तिची काठी आत ठेवली, पट्टा स्वतः लावला आणि दोनदा ओढून बघितला.